प्राईड ज्यांनी सुरू केली त्यांचा सांगलीत सत्कार: कुणाचा, कसा? सूचना हव्यात

महालक्ष्मीचा_पॅसेंजर (सांगली) · धागाकर्ता

नमस्कार मंडळी,

सांगली-मिरजेतली आमची एक छोटी टोळी आहे. जूनमध्ये पुण्याची प्राईड, म्हणजे समलिंगी, तृतीयपंथी अशा एलजीबीटी लोकांची अभिमान पदयात्रा, असली की रात्रीची महालक्ष्मी धरायची, पहाटे स्टेशनबाहेर चहा मारायचा, दिवसभर नाचायचं आणि मिळेल त्या गाडीनं परत यायचं. यंदाच्या गप्पांत आमच्यातला एक विशीतला पोरगा म्हणाला, "ही पुणे प्राईड नक्की कुठली कंपनी भरवते?"

त्याला बोल लावण्यात अर्थ नाही. त्यानं बघितलीत ती आयटी कंपन्यांचे बॅनर घेऊन चालणारी माणसं. पुण्यातली पहिली पदयात्रा ११ डिसेंबर २०११ ला निघाली, ती बिंदुमाधव खिऱ्यांच्या समपथिक ट्रस्टनं काढली, मुंबईनंतर महाराष्ट्रातलं पुणे हे दुसरंच शहर, यातलं काहीच त्याच्या कानावर गेलं नव्हतं. तेव्हा समलिंगी संबंध हा गुन्हा नाही असा दिल्ली उच्च न्यायालयाचा २००९ चा निकाल होता, पण त्याविरुद्धची अपिलं सर्वोच्च न्यायालयात पडून होती. बरोब्बर दोन वर्षांनी, ११ डिसेंबर २०१३ ला, तो निकाल फिरवला गेला. म्हणजे ज्यांनी पहिल्या वर्षी रस्त्यावर तोंड दाखवलं, ते तिसऱ्या वर्षी कायद्यानं पुन्हा गुन्हेगार. तरी पदयात्रा थांबली नाही.

तर प्रस्ताव असा: यंदा पुण्याला जायच्या आधी सांगलीत एक संध्याकाळ ठेवायची. ज्यांनी ज्यांनी या कामाची सुरुवात केली, त्यातल्या दोघा-तिघांना बोलवायचं. शाल, श्रीफळ, मानपत्र आणि मग मोकळ्या गप्पा. खर्च वर्गणीतून. कुणाला बोलवावं, कसं करावं, सांगा.

हळदगाडी

+१. भडंग आणि चहा माझ्याकडून. नाट्यगृहाच्या नादी लागू नका, पाऊणशे माणूस आलं तरी खुर्च्या रिकाम्या दिसतात. एखादा छोटा हॉल बघा.

दक्षिण_सातारा

प्रस्ताव चांगला आहे, पण "सुरुवात केली" म्हणजे कुठून धरायचं ते आधी ठरवा, नाहीतर मानपत्रावरूनच भांडणं होतील.

पुणे २०११. त्याआधी मुंबई: १६ ऑगस्ट २००८, क्विअर आझादी मुंबई या गटाचा मोर्चा, ऑगस्ट क्रांती मैदानातून गिरगाव चौपाटीकडे. स्वातंत्र्यदिनाच्या दुसऱ्या दिवशी आणि 'चले जाव'च्या मैदानातून, ही निवड मुद्दाम केलेली. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं ३७७ हे १८६० च्या दंडसंहितेतलं इंग्रजांचं कलम, म्हणून इंग्रज सरकारनं माफी मागावी अशी त्या मोर्चाची मागणी होती. आपल्याकडच्या राजकीय विनोदबुद्धीचा हा उत्तम नमुना आहे असं माझं मत.

त्याच वर्षी २९ जूनला दिल्ली, बंगळूर आणि कोलकाता इथे एकाच दिवशी पदयात्रा निघाल्या होत्या. आणि सगळ्यांच्या आधी, २ जुलै १९९९ ला, कोलकात्यात पंधरा माणसं पिवळे टीशर्ट घालून चालली. त्याला त्यांनी मोर्चा म्हटलंच नाही, 'फ्रेंडशिप वॉक' म्हटलं. ओवैस खान आणि पवन ढल ही त्यातली नावं. पंधरा! आपल्याकडे गल्लीतल्या मंडळाच्या आरतीला याहून जास्त जमतात. त्यानंतर दिवसाला दिवस धरून दहा वर्षांनी, २ जुलै २००९ ला, दिल्लीचा निकाल आला.

अजून मागे जायचं तर ११ ऑगस्ट १९९२. दिल्लीच्या पोलीस मुख्यालयासमोर 'एड्स भेदभाव विरोधी आंदोलन' या संघटनेची निदर्शनं. कॅनॉट प्लेसच्या बागेतून पोलिसांनी पुरुषांना उचललं होतं, त्याचा निषेध. त्याला कुणी प्राईड म्हणत नाही, पण माझ्या लेखी रस्त्यावर उतरण्याची सुरुवात तीच. १९९४ मध्ये ३७७ विरुद्ध याचिका टाकली तीही याच लोकांनी.

आता यातलं कुणाकुणाला सांगलीत आणणार?

टिळक_चौक

एक साधी शंका. पदयात्रा पुण्याची, मुंबईची, कोलकात्याची. सत्कार सांगलीत. का? उद्या पुण्याच्या गणपतीच्या पहिल्या कार्यकर्त्याचा सत्कार विट्यात ठेवाल.

हळदगाडी

@टिळक_चौक, ठेवला तर जेवायला याल ना?

गोकुळनगरची_वाट

टिळक चौकांनी खोचकपणे विचारलंय, पण प्रश्न बरोबर आहे. माझं उत्तर त्यांना आवडेल की नाही माहीत नाही.

सांगलीला पाहुणे बाहेरून आणायची गरज नाही. १९९२ मध्ये मीना शेषू यांनी इथं संग्राम सुरू केली, संपदा ग्रामीण महिला संस्था. काम एचआयव्हीचं, आणि ते ज्यांच्यात करायचं त्या धंदा करणाऱ्या बायकांनीच ते हातात घेतलं. १९९६ मध्ये त्याच बायकांची वेश्या अन्याय मुक्ती परिषद उभी राहिली. पुढे पुरुष आणि तृतीयपंथी सेक्सवर्कर्सची मुस्कान ही संघटना आली. सांगलीत "आम्ही असे आहोत आणि आम्हाला हक्क आहेत" हे वाक्य चारचौघांत पहिल्यांदा म्हटलं गेलं ते या बैठकांमध्ये, सतरंजीवर. आयटी पार्कात नाही. कॉलेजच्या कट्ट्यावरही नाही.

२००५ मध्ये अमेरिकी सरकारच्या निधीला अट आली की वेश्याव्यवसायाच्या विरोधात असल्याचं लिहून द्या. संग्रामनं लिहून दिलं नाही, पैसे सोडले. ज्यांच्यासाठी काम करतो त्यांच्या विरोधात सही कशी करायची, एवढा सरळ हिशेब. आज प्राईडला प्रायोजक घ्यावा की नाही यावर आपण रात्र रात्र वाद घालतो, तेव्हा मला ही सही न करणं आठवतं.

तेव्हा सत्कार करायचा तर पहिला मान इथल्यांचा. पुण्या-मुंबईचे पाहुणे शेजारी बसू देत.

दक्षिण_सातारा

सहमत. माझ्या यादीत हे यायलाच हवं होतं.

संपादक मंडळ

वरचा एक प्रतिसाद काढून टाकला आहे. मतभेद चालतील, शिव्या चालणार नाहीत.

विष्णूघाट

काढलेला प्रतिसाद माझा नव्हता, पण माझंही थोडं तसंच म्हणणं आहे, सभ्य भाषेत लिहितो. ज्याला जसं जगायचं तसं जगू द्या, माझी ना नाही. पण हे रस्त्यावर मिरवणं, झेंडे, सत्कार हे सगळं परदेशी आहे. आपल्या मातीत हे नव्हतं.

चौंडकं

@विष्णूघाट, दादा, जतच्या यल्लम्माच्या यात्रेला कधी गेलाय का? डिसेंबरात असते. नसाल गेला तर या, मी नेतो.

लुगडं नेसलेला, कपाळभर भंडारा लावलेला जोगता, म्हणजे यल्लम्माला वाहिलेला पुरुष, डोक्यावर देवीचा जग (देवीचा मुखवटा बसवलेली टोपली) घेऊन नाचतो. दोन्ही हात मोकळे, जगाला हात लावायचा नाही. मोरपिसं हलतात, पण तोल ढळत नाही. बाजूला एक जण काखेत चौंडकं दाबून तार ओढतोय आणि परडीत लोक तांदूळ टाकतायत. त्यांच्या पायावर डोकं ठेवणारे तुमच्या-माझ्या घरातलेच. हे मिरवणं नाही तर काय आहे? सौंदत्तीच्या डोंगराला जाणाऱ्या गाड्या आपल्याच जिल्ह्यातून भरून जातात.

यात्रा संपली की त्याच जोगत्याला भाड्यानं खोली मिळत नाही, हीपण आपलीच माती.

विष्णूघाट

जतला गेलो आहे. देवीचं वेगळं असतं, एवढंच म्हणतो. पण खोलीचं म्हणालात ते खरं आहे.

नागठाण्याचा_पाव्हणा

आणि बालगंधर्व नागठाण्याचे, आपल्या पलूस तालुक्यातले. पुरुषानं नऊवारी नेसून अख्ख्या महाराष्ट्राला वेड लावलं. सांगलीकरांना साडीतला पुरुष नवा नाही.

गोकुळनगरची_वाट

@नागठाण्याचा_पाव्हणा, बालगंधर्वांना इथं आणू नका, विनंती. ती रंगभूमीवरची भूमिका होती, बायकांना स्टेजवर येऊ देत नव्हते त्या काळातली. त्याला टाळ्या देणारा समाज खऱ्या आयुष्यात साडी नेसणाऱ्याला टाळ्या देतो असं होत नाही. उलट "आमच्याकडे बालगंधर्व होऊन गेले" म्हणणारेच घरातल्या पोराला चापट मारतात.

अजिंक्यतारा_आई (सातारा)

मी पहिल्यांदाच लिहिते आहे. वाचन नेहमी असतं.

माझा मुलगा पुण्यात असतो. त्यानं आम्हाला सांगितलं तेव्हा त्याचे वडील उठून पोवई नाक्यापर्यंत चालत गेले आणि येताना पेढे घेऊन आले. आनंदाचे नव्हेत. काय करावं कळेना म्हणून दुकानात शिरले आणि रिकाम्या हातानं बाहेर पडवेना, असं ते नंतर म्हणाले.

एका वर्षी मी त्याच्याबरोबर पुण्याच्या पदयात्रेला गेले. संभाजी उद्यानापाशी उभी होते. पुढे ढोल, झेंडे, सगळं होतं. माझं लक्ष गेलं ते मात्र फुटपाथवरून चालणाऱ्यांकडे. ते मोर्चात नव्हते आणि बाहेरही नव्हते. मोर्चा थांबला की थांबायचे, चालू झाला की चालायचे. तोंडाला रुमाल. एक मुलगी, बिल्ला लावलेली कार्यकर्ती, त्यांच्यापाशी जाऊन पाण्याच्या बाटल्या देत होती आणि फोटोवाल्यांना हात करून सांगत होती, तिकडे नको, इकडे घ्या. तिला कुणी स्टेजवर बोलावलं नाही. तिचं नाव मला ठाऊक नाही.

तुमच्या सत्कारात अशांना कुठे बसवणार?

महालक्ष्मीचा_पॅसेंजर

@अजिंक्यतारा_आई, काकू, लिहीत राहा प्लीज.

माझ्या डोक्यात दोघं-तिघं पाहुणे आणि एक बॅनर एवढंच होतं. आता यादी लांबत चाललीय.

परवानगीचा_अर्ज

यादी लांबणारच, कारण असली कामं एकट्यादुकट्याची नसतात. मी एका संघटनेत मोर्चे, सभा यांच्या परवानग्यांचं काम करतो, म्हणून मला न्यूयॉर्कची गोष्ट फार आवडते. सगळे स्टोनवॉल स्टोनवॉल करतात. २८ जून १९६९ ला स्टोनवॉल नावाच्या समलिंगींच्या बारमध्ये पोलिसांशी झुंज झाली, ठीक. पण त्याचं वर्षश्राद्ध घालायचं असं ठरवलं कुणी? नोव्हेंबर १९६९ मध्ये फिलाडेल्फियाच्या एका बैठकीत क्रेग रॉडवेल, फ्रेड सार्जंट, एलन ब्रॉइडी आणि लिंडा ऱ्होड्स यांनी ठराव मांडला की दरवर्षी जूनच्या शेवटी मोर्चा काढायचा, आणि त्याला पोशाखाची किंवा वयाची कसलीही अट नको. ही अट नकोची अट फार महत्त्वाची. आधीच्या निदर्शनांत पुरुषांनी कोट-टाय आणि बायकांनी स्कर्ट असा दंडक होता. आपल्याकडे पुण्यातही कपड्यांवरून वाद झाले, तेव्हा हा वाद मुळातच पन्नास वर्षं जुना आहे हे कुणाच्या गावीही नव्हतं.

रॉडवेलचं पुस्तकांचं दुकान होतं. गिऱ्हाईकांच्या पत्त्यांची वही हीच संघटनेची यादी झाली. ब्रेंडा हॉवर्ड नावाच्या बाईंनी नियोजनाचा गाडा ओढला, त्यांना नंतर लोक प्राईडची आई म्हणायला लागले. आणि माझा आवडता तपशील: २८ जून १९७० च्या त्या पहिल्या मोर्चाची परवानगी हातात पडली ती मोर्चा सुरू व्हायच्या फक्त दोन तास आधी. पोलीस ठाण्याच्या बाकावर बसून "साहेब येतील" ऐकलेल्या कुठल्याही माणसाला हे वाचून न्यूयॉर्क आपल्या शिराळ्याच्या शेजारी असल्यासारखं वाटेल.

झेंड्याचंही तेच. १९७८ सालचा सॅन फ्रान्सिस्कोचा इंद्रधनुषी झेंडा म्हटलं की गिल्बर्ट बेकर. पण कापड रंगवण्याचं काम लिन सेगरब्लॉमचं होतं, शिवणात जेम्स मॅकनमारा होता. त्यांची नावं लोकांपुढे यायला कितीतरी वर्षं गेली. मूळ झेंड्यात आठ पट्टे होते, गुलाबी कापड मिळेना म्हणून पहिला तोच गेला. मी कापडपेठेत वाढलो, मला हे कारण पूर्ण पटतं.

तेव्हा माझी सूचना: शाल-बिल बाजूला ठेवा. त्या पैशात एक चांगला रेकॉर्डर घ्या आणि या लोकांच्या मुलाखती नोंदवून ठेवा. अर्ज कसा लिहिला, कुणी सही दिली, कुणी नाकारली, मांडववाल्यानं काय विचारलं. शाल कपाटात जाते, नोंद राहते.

दक्षिण_सातारा

हजार वेळा सहमत. सत्कार समारंभांनी महाराष्ट्राचं वाटोळं केलंय. नोंदी करा.

हळदगाडी

सहमत, पण भडंग राहू द्या.

टिळक_चौक

मुलाखतीची कल्पना मला पटली. सत्कारापेक्षा बरी.

मावशी_बोलते

मी बोलते आणि आमच्यातली पोरगी टाईप करते. काही चुकलं तर तिचं.

हे समदं मला तिनं वाचून दाखवलं. तुम्ही शिकलेली माणसं, चांगलं लिहिता. पण मला एक सांगा, शाल नको हे कुणी ठरवलं? ज्यांनी ठरवलं त्यांच्या घरात शाली पडल्यात म्हणून ठरवलं.

मी लई वर्षं या कामात. भाजीच्या पिशवीत खाली निरोधची पाकिटं, वर मेथी, असं घेऊन आठवडी बाजार केलेत. पोलिसानं पिशवी उलटी केली की मेथी भिजायची नाही म्हणून आधी ती उचलायची, मग बाकीचं. एका दवाखान्यात आमच्या एकीला बाकड्यावर दिवसभर बसवलं, कुठल्या वॉर्डात टाकायचं त्यांना कळेना. बाईच्या का बाप्याच्या. मी तिथंच बसले, हलले नाही. हे मोर्चाबिर्चाच्या लई आधीचं.

मुलाखत म्हणाल तर माझ्या दहा झाल्यात. कॉलेजची पोरं येतात, मशीन लावतात, रडवतात आणि जातात. परत फोन नाही. माझं बोलणं कुठं गेलं मला म्हाईत नाही.

मला शाल पायजे. भगव्या काठाची. नारळ पायजे, हार पायजे. स्टेजवर खुर्ची पायजे, कोपऱ्यात नाही, मधी. माझं नाव माईकवरून घ्या, मी घेतलेलं नाव, कागदावरचं नाही. आणि त्याचा फोटो मोठा काढून मला द्या, मी खोलीत लावणार. घरमालकीण बघू दे.

महालक्ष्मीचा_पॅसेंजर

मावशी, शाल आली समजा.

परवानगीचा_अर्ज

मावशी, मान्य. मुलाखतीत तुम्हाला काय मिळतं हा विचार मी केला नव्हता, कुणीच करत नाही. तरी नोंदीचा हट्ट सोडत नाही, फक्त पद्धत बदलूया: जो बोलेल त्याला त्याच्या मुलाखतीची प्रत, ती कुठे ठेवायची हे तोच सांगणार, आणि नाही म्हणाला तर पुसून टाकायची. चालेल?

मावशी_बोलते

आधी शाल. मग बघू.

गोकुळनगरची_वाट

मावशींचा प्रतिसाद वाचून आमच्या ऑफिसात सगळे हसतायत आणि टाळ्या वाजवतायत.

एक महत्त्वाचं. ज्यांची नावं घ्यायची त्यांना आधी प्रत्येकाला विचारा. काहींना मावशींसारखा मोठा फोटो हवा असेल. काहींची घरं वेगळी आहेत, सुना-नातवंडं आहेत, त्यांना स्टेज म्हणजे संकट. त्यांना हॉलमध्ये प्रेक्षकांत बसू द्या, हार घरी पोचवा. पत्रकारांना बोलवायचं असेल तर त्यांना पहिल्या अर्ध्या तासाचंच बोलावणं द्या, मग दार बंद. आणि गेलेल्यांची नावं विसरू नका. आमच्याकडे त्या नावांची यादी लांब आहे, बहुतेक नव्वदच्या दशकातली आणि दोन हजारच्या सुरुवातीची, एचआयव्हीवरची औषधं मिळायला लागायच्या आधीची.

अजिंक्यतारा_आई (सातारा)

मी आणि मुलाचे वडील दोघं येणार. ते विचारतायत, सातारहून पेढे आणले तर चालतील का. मावशींच्या हातात शाल कोण देणार ते ठरलं नसेल तर त्यांची इच्छा आहे. मी त्यांना म्हटलं, आधी मावशींना विचारा.

मावशी_बोलते

चालतंय. कंदी पेढेच आणा, साधे नको.

महालक्ष्मीचा_पॅसेंजर

आत्तापर्यंतचं असं: मंचावर आधी इथले, मग पुण्याचे पाहुणे येऊ शकले तर त्यांच्या शेजारी. शाली माझ्याकडे, भगव्या काठाच्या बघतो. रेकॉर्डर परवानगीचा_अर्ज आणणार, बोलायचं त्यानं बोलायचं. काल फ्लेक्सवाल्याकडे गेलो होतो. मजकूर वाचून म्हणाला, "कुठल्या पक्षाचा कार्यक्रम? खाली नेत्यांचे फोटो किती?" नेते नाहीत म्हटल्यावर त्याला फ्लेक्सचा मेळच लागेना. वरच्या कोपऱ्यातली जागा रिकामी का सोडायची म्हणून त्यानं स्वतःहून गणपती टाकून दिलाय. ठेवू का काढू?

चौंडकं

ठेवा. आणि मी दोन वादक घेऊन येतो. हॉलमध्ये चौंडक्याला परवानगी लागेल का?

परवानगीचा_अर्ज

आत वाजवलं आणि लाऊडस्पीकर नसेल तर अडचण नको यायला. तरी हॉलवाल्याला आधी सांगून ठेवा आणि ठाण्यात एक पत्र देऊन पोच घ्या. पोच घेतल्याशिवाय हलू नका. दारातून मिरवत आणायचं असेल तर मात्र रस्ता लागतो, त्याचा अर्ज वेगळा. मसुदा आज रात्री व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.

चौंडकं

दारातूनच आणायचंय. करा व्यनि.